भिंगरीची वीस मिनिटं

२ फेब्रुवारी, सोमवार

आणली. आता बोलून उपयोग नाही.

पंधरा दिवसांसाठी. संस्थेच्या बाई तीनदा म्हणाल्या, "फक्त पंधरा दिवस हो, तोवर आमच्याकडे जागा होते." तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

दहा महिन्यांची कुत्री. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला, बरगड्या लांबून मोजाव्यात अशा. गेल्या महिन्यात डेपोत, मी चालवते त्या शाळेच्या बसखाली सापडली होती. मीच संस्थेत नेऊन सोडली, म्हणून बाईंनी मलाच धरलं. "तुम्हाला ओळखते ती." ओळखते कसली! दिसेल त्याच्या अंगावर उडी मारते. दार उघडलं तशी थेट टेबलावर, टेबलावरून खिडकीत, खिडकीतून सोफ्यावर झोपलेल्या दादाच्या पोटावर.

संध्याकाळचे पाच वाजले होते. दादाची सकाळ व्हायची होती.

"हे काय आहे?"

"कुत्री."

"ते दिसतंय."

आणि कूस बदलली. पाच महिने झाले त्याला माझ्याकडे येऊन. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बावीस वर्षं मुख्य आचारी होता. कँटीन बंद झालं. वहिनी त्याआधीच वेगळी झालेली. 'थोडे दिवस राहतो' म्हणून आला आणि सोफ्याला जो चिकटला तो चिकटलाच. स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. मी केलेलं अळणी-करपलेलं निमूट खातो. आचारी माणूस!

म्हणजे आता घरात दोन पाहुणे. एक हलत नाही, एक थांबत नाही.

संध्याकाळी बाईंनी बांधून दिलेलं खाणं वाटीत घातलं. दोन मिनिटांत वाटी लख्ख. पाच मिनिटांनी सगळं जसंच्या तसं फरशीवर. मी फडकं आणेपर्यंत तीच पुन्हा खायला निघाली! 'हिला खाल्लेलं टिकत नाही' असं बाई ओझरतं म्हणाल्या होत्या. मला वाटलं, नाजूक पोट असेल. उद्या डॉक्टर.

३ फेब्रुवारी, मंगळवार

नाजूक पोट नाही. पोटाचा काही दोषच नाही.

सकाळची फेरी संपवून, बस डेपोत लावून तिला घेऊन गेले. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो काढला आणि चिठ्ठीच्या मागे चित्र काढून दाखवलं. घशापासून पोटापर्यंत जी नळी असते ती हिची जन्मापासूनच सैल. अन्न खाली ढकलायची ताकदच नाही तिच्यात. "इलॅस्टिक गेलेला मोजा असतो ना, तसं समजा. त्यात घातलेलं तिथेच बसून राहतं. मग ही वाकली, पळाली, की बाहेर. ही उलटी नाही. पोटात गेलेलंच नसतं ते." म्हणजे हे पोर दिवसभर खातं आणि उपाशी राहतं.

"बरं होईल?"

"बहुतेक नाही. पण नीट जगवता येईल. तिला माणसासारखं उभं बसवून भरवायचं, आणि खाऊन झालं की वीस मिनिटं तसंच ठेवायचं. अन्न वजनानेच खाली उतरतं. दिवसातून चार वेळा."

"हिला? वीस मिनिटं?"

ती तेव्हा डॉक्टरांच्या गळ्यातली नळी चावत होती. ते हसले. मग हसायचे थांबले. म्हणाले, "एकच जपायचं. वर आलेलं अन्न छातीत गेलं तर न्यूमोनिया होतो. अशी कुत्री त्यानेच जातात. भुकेने नाही."

पाणीसुद्धा तसंच. खाली वाटीत ठेवायचं नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

वीस मिनिटं म्हणजे किती असतात ते आज कळलं.

मांडीवर घेतली, तिची पाठ माझ्या पोटाला, पुढचे पाय माझ्या हातात. पहिल्या मिनिटाला माझं नाक चाटलं. दुसऱ्याला चष्मा पाडला. मी आपली बसच्या पटावरची मुलं मनात मोजत बसले. एकतीस मुलांपर्यंत पोचले आणि ही सुटली! टेबलाखाली गेली आणि भडाभडा सगळं बाहेर.

दादा सोफ्यावरून बघत होता. "पायाला भिंगरी आहे हिच्या," म्हणाला.

नाव पडलं. भिंगरी.

सकाळी साडेपाच, दहा आणि संध्याकाळी सात माझ्याकडे. पण दुपारी दोनला मी बसवर असते. दादाला विचारलं.

"मला नाही जमणार."

"न जमायला काय आहे? वीस मिनिटं बसायचं. बसण्यात तुझा हात कोण धरणार!"

तोंडातून गेलं. लागलं असणार त्याला. म्हणाला, "बरं."

६ फेब्रुवारी, शुक्रवार

खालच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर वर आले. निवृत्त आहेत, पण आवाज अजून खिडकीपलीकडे रांग असल्यासारखा. "ताई, वर घोडा बांधलाय का?" मी 'नाही हो' म्हणेपर्यंत घोडा त्यांच्या गळ्यात. सदऱ्याचं एक बटण गेलं. ते काही रागावले नाहीत. पडलेला कान हातात धरून बघत बसले. "हा कान असाच का?" मला काय माहीत!

बसमध्ये पोरांना सांगितलं. सगळ्यांचा एकच प्रश्न — तिला झोपताना कसं कळतं की आपण कुत्री आहोत, बसून जेवतो तर?

दिवसातून तीनदा तरी अजून बाहेर काढते. वजन साडेदहा किलो.

८ फेब्रुवारी, रविवार

खुर्ची आली!

डेपोत बसच्या सीटा बसवणारे गादीवाले काका आहेत. त्यांना बुधवारी माप दिलं होतं, गंमत म्हणून. त्यांनी मनावर घेतलं. उभट लाकडी पेटी, समोर ताटलीपुरती फळी, आत मोडीत निघालेल्या बसच्या सीटचा स्पंज, वर तेच हिरवं रेक्झिन. आणि पट्टा! मोडीतल्याच बसचा, खटकन लागणारा. "तुझ्या गाडीत विनापट्टा कोणी बसत नाही ना, मग हिने का बसावं?" म्हणाले. पैशाचं नाव काढलं तर उठूनच गेले.

भिंगरी आत बसली की नुसतं डोकं आणि दोन पंजे बाहेर. शाळेची मुख्याध्यापिकाच. पहिल्यांदा खटकन आवाज झाला तशी दचकली. मग ताटली दिसली आणि जगाचा विसर पडला.

वीस मिनिटं. एक थेंब बाहेर नाही. मी घड्याळाकडे बघून टाळ्या वाजवल्या. दादाने मान वर केली. हसला? हसला बहुतेक.

११ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी घरी आले तर स्वयंपाकघरातून आवाज. चोर असता तर कमी दचकले असते.

दादा ओट्यापाशी. कमरेला टॉवेल गुंडाळलेला, कँटीनमध्ये गुंडाळायचा तसा. समोर चार वाट्या. "तू देतेस ते चुकीचं आहे," मागे न बघताच म्हणाला. "फार पातळ. पातळ नळीत पसरतं, उतरत नाही. पण घट्ट गोळा केला तर अडकतो. मधलं काहीतरी पाहिजे."

उकडलेलं चिकन, भोपळा आणि बटाटा, गुळगुळीत वाटून. प्रत्येक वाटीत दाटपणा वेगळा. चमचा उलटा धरून बघत होता, किती वेळाने सुटतं ते. फ्रिजच्या दारावर कागद चिकटवलाय —

पातळ: परत.
घट्ट: अर्धं परत.
सुपारीएवढे मऊ गोळे, न चावता गिळायचे: राहिले!

शेवटच्या शब्दापुढचं चिन्ह त्याचंच आहे. माझं नाही.

पाण्याचंही त्याने काढलं. पाण्यात जिलेटिन घालून जेली केली, चौकोनी तुकडे केले, ते भरवले. तहान भागते आणि सगळं खाली जातं. "डॉक्टरने सांगितलं का?" विचारलं. "डॉक्टरला काय कळतंय स्वयंपाकातलं," म्हणाला. पाच महिन्यांत त्याचं एवढं बोलणं ऐकलं नव्हतं.

रात्री आमच्या जेवणातही मीठ बरोबर होतं. मी काही बोलले नाही. बोलले तर थांबेल असं वाटलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

शाळा अर्धा दिवस, म्हणून अडीचलाच घरी. किल्ली दारात घातली आणि आतून दादाचा आवाज आला. फोनवर आहे वाटलं. नव्हता. खुर्चीसमोर स्टुलावर बसून भिंगरीशी बोलत होता.

"...तर शेवटच्या दिवशी आम्ही किती ताटं केली? चारशे वीस. आणि एकही परत आलं नाही. परत आलं नाही म्हणजे काय, कळतंय का तुला? तुला बरोबर कळेल. मग संध्याकाळी चुली बंद केल्या. मोठी कढई मी स्वतः घासली. दुसऱ्याला दिली नाही. घासली आणि पालथी घातली. जागा ज्या नवीन माणसांनी घेतली त्यांना ती नकोच होती. त्यांचं सगळं पाकिटातून येतं. हलू नकोस. अजून सहा मिनिटं आहेत. मग वाटलं, पालथ्या कढईसारखं आपणही..."

पुढचं ऐकू आलं नाही. किंवा तो बोललाच नाही.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी त्याला पाच महिने 'उठ', 'आंघोळ कर', 'कुठेतरी अर्ज कर' एवढंच म्हणत होते. विचारलं कधीच नव्हतं. मी जिन्यात बसले. सहा मिनिटं झाल्यावर मोठ्याने खोकत आत गेले.

१६ फेब्रुवारी, सोमवार

पंधरा दिवस झाले. बाईंचा फोन नाही. मीही केला नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

वजन बारा किलो चारशे! डॉक्टरांनी काटा दोनदा बघितला. "काय खायला घालता?" दादाचे गोळे सांगितले. त्यांनी लिहून घेतले. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "लिहून काय होतंय, हात पाहिजे." पण दिवसभर खुशीत होता.

अंगात रक्त आलंय तशी पळते किती! मैदानात सोडली की तिचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवर टेकलेत असं होतच नाही. मग येऊन माझ्या चपलांवर धापा टाकत पडते, पडलेला कान माझ्या अंगठ्यावर. आणि एवढ्या सगळ्या धडपड्या जिवाला खुर्ची दाखवली की आपणहून चढून बसते, पट्ट्याच्या आवाजाची वाट बघत. काल पट्टा लावायला मला उशीर झाला तर माझ्याकडे बघून भुंकली. नियम म्हणजे नियम.

माझं वय सेहेचाळीस. माझी कोणी इतकी वाट बघितलेली आठवत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

भिंगरीला घेऊन डेपोत गेले, गादीवाल्या काकांना त्यांचं गिऱ्हाईक दाखवायला. सगळा डेपो गोळा. बसच्या पायऱ्यांवरून वरखाली, वरखाली. शेवटी माझ्या ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. मेकॅनिक म्हणाला, "उद्यापासून तुझी सुट्टी, ही चालवेल." हॉर्नही वाजवला तिने! फार हसलो.

तिथेच टपरीवरून वडापाव मागवून खाल्ला. माझ्या पावाकडे असे डोळे करून बघत होती की काय सांगू. इतकुसा तुकडा दिला. काही झालं नाही.

दमून झोपलीय. मीही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

दार उघडलं. कोणी अंगावर आलं नाही.

दादाने तिला चादरीत गुंडाळून मांडीवर उभी धरली होती. अंग भाजत होतं. श्वास भराभर, आणि खोकला, आत काही फाटल्यासारखा. "तू गेल्यापासून मलूल होती. दोन वाजता खाल्लं नाही. तुला चार फोन केले." बस चालवताना माझा फोन बंद असतो.

डॉक्टरांनी छाती ऐकली. फोटो काढला. न्यूमोनिया. उजवी बाजू भरलीय. तिथेच ठेवून घेतली, सलाईन, इंजेक्शनं, वाफ.

"गेल्या दोनतीन दिवसांत काही वेगळं खाण्यात आलं? किंवा लवकर खाली सोडली?"

मी दादाकडे बघितलं. आणि डॉक्टरांसमोर, तिथल्या मांजरवाल्या बाईंसमोर, सगळ्यांसमोर बोलले. "तू सोडली असशील. दहा मिनिटांत कंटाळून. बावीस वर्षं स्वयंपाकघर सांभाळलंस म्हणतोस, एक कुत्री सांभाळता येत नाही तुला?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग फरशीकडे. "हं," म्हणाला. बस एवढंच.

घरी आलो. खुर्ची कोपऱ्यात आहे. तिच्याकडे पाठ करून बसलेय.

२५ फेब्रुवारी, बुधवार

तीन दिवसांपूर्वीचं पान उलटून बघितलं. रविवारचं.

इतकुसा तुकडा. उभ्याउभ्या, जमिनीवरून. आणि मग पायऱ्यांवरून वरखाली, वरखाली. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलंय. 'काही झालं नाही.'

मी केलं हे. दादाने नाही.

सांगायला हवं. आज जेवताना दोनदा तोंड उघडलं. दोनदा पाणी प्याले.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

ताप उतरत नाही. सांगितलं नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

जिन्यात पोस्टमास्तर भेटले. "अहो ताई, तुमचे दादा काल डोक्यावर खुर्ची घेऊन बाजारातून चालले होते! मी म्हटलं, कुठे सभा आहे का?"

दवाखान्यात विचारलं तेव्हा कळलं. बुधवारपासून तो रोज सकाळी दहाला जातो. पायी, खुर्ची डोक्यावर घेऊन, एका हातात डबा. भिंगरी तिथल्या माणसांच्या हातून काही घेत नव्हती. तोंड फिरवत होती. दादा तिला खुर्चीत बसवतो, एक एक गोळा कोमट करून देतो. पहिल्या दिवशी एकच गोळा खाल्ला. काल चार. "वीस मिनिटांचं सांगितलंय तर हे तासभर बसतात," डॉक्टरांचा मदतनीस म्हणाला. "बोलत असतात तिच्याशी."

पाच महिने जो माणूस कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेला नव्हता, तो भर बाजारातून डोक्यावर खुर्ची घेऊन जातोय. आणि मी त्याला काय बोलले!

आज बसचं एक वळण चुकले. मागून पोरं ओरडली, "काकू, शाळा तिकडे आहे!" बारा वर्षांत पहिल्यांदा.

२८ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं.

तो ओट्यापाशी भोपळा सोलत होता. मी दारातच उभी राहिले. पुढे जायचं धाडस नव्हतं. म्हटलं, "दादा, मी तिला पाव दिला होता. रविवारी. डेपोत." त्याची सुरी थांबली नाही.

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"रविवारी संध्याकाळी तिने दाराशी बाहेर काढलं. तू आंघोळीला गेली होतीस. मी पुसलं. पाव होता त्यात. मी तर तिच्यामुळे घरात पाव ठेवत नाही."

मला बसावंसं वाटलं. मी जमिनीवरच बसले.

"मग तू बोलला का नाहीस? मी सगळ्यांसमोर तुला एवढं..."

तो भोपळ्याचे तुकडे करत राहिला, सारखे सारखे, सगळे एका मापाचे. मग म्हणाला, "सकाळी बावन्न पोरं घेऊन निघतेस तू. असलं काही डोक्यात घेऊन गाडी चालवू नये. माझं काय, मी घरीच असतो. माझ्या डोक्यात राहिलं तर कोणाचं काय बिघडतंय?"

मी रडले. अगदी लहानपणी रडायचे तसं, आवाज करून. दादाने भोपळ्याचाच हात माझ्या डोक्यावर ठेवला. केस चिकट झाले. "उठ," म्हणाला, "डबा धर. दोघं जाऊ."

तिने मला बघितलं आणि शेपूट हलवलं. एकदाच. पण हलवलं. ताप शंभरवर आलाय... म्हणजे कुत्र्यांचा मुळातच जास्त असतो, डॉक्टर म्हणाले, शंभर-एकशे एक म्हणजे उतरलाच.

२ मार्च, सोमवार

घरी!

जिना चढताना दोनदा थांबली. तिसऱ्यांदा पोस्टमास्तरांच्या दारासमोर मुद्दाम थांबली असावी. ते बाहेर आले, वाकले, बटणं सांभाळत. "घोडा आला का परत? फार शांत शांत होतं हो. मला झोप लागेना."

वजन पुन्हा अकरावर. दादाने फ्रिजवरचा कागद काढून नवीन लावलाय. सगळ्यात वर मोठ्या अक्षरात: 'पाव नाही. कोणाच्याही हातून नाही.' खाली माझी सही घेतली.

७ मार्च, शनिवार

सोफ्याची एक गादी फाडली. दादाची जागा होती ती. तो म्हणाला, "बरं झालं."

१२ मार्च, गुरुवार

साडेबारा किलो. खोकला पूर्ण गेला. डॉक्टर म्हणाले, "आता ही कोणाच्याही घरी जाऊ शकते. ज्यांना वेळ आहे त्यांच्या."

असं म्हणाले आणि मी बिल बघत असल्यासारखं केलं.

दादा हल्ली सकाळी दहाचं भरवून बाहेर जातो. दाढी करून. एकच्या आत परत. "कुठे?" "फिरायला." बरं आहे. माणसात आला.

१५ मार्च, रविवार

संस्थेच्या बाई एका जोडप्याला घेऊन आल्या. चांगली माणसं. मी दोष शोधत होते, सापडला नाही. मोठं घर, मागे बाग, बायको घरूनच काम करते. भिंगरीने त्यांच्याही अंगावर उडी मारली. कुठल्या तोंडाने रागवायचं? सगळ्यांवरच मारते.

दादाने सगळं दाखवलं. गोळे, जेली, पट्टा, घड्याळ. शिकवताना सुद्धा तो मोठ्या स्वयंपाकघरातला वाटतो. नवऱ्याने तिला भरवलं, छान भरवलं. मग त्याची बायको म्हणाली, "आणि हे किती दिवस करायचं?"

दादा म्हणाला, "ती आहे तोवर."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आम्ही कळवतो म्हणाले. जाताना तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तेव्हाच कळलं की कळवणार नाहीत. मला त्यांचा राग येत नाही. खरं बोलायला त्यांनी उगाच तारीख घेतली, एवढंच.

दार लागलं आणि दादा भांडी घासायला लागला. शीळ घालत! सूर अजिबात नाही त्याला. लहानपणीही नव्हता.

१८ मार्च, बुधवार

अर्ज भरला. कायमची घेण्याचा.

दादाला सांगितलं नाही. आधी बाईंचा होकार येऊ दे, मग एकदम सांगेन.

तीन पानी आहे. 'याआधी प्राणी पाळला आहे का?' नाही. 'आजाराची पूर्ण कल्पना आहे का?' इथे मी चार ओळी लिहिल्या, पावाचंही लिहिलं. लपवून कशी घेणार तिला? 'दुपारच्या वेळी घरी कोण असतं?' भाऊ. हे लिहिताना बरं वाटलं. पाच महिन्यांपूर्वी कोणी विचारलं असतं की तुझा भाऊ कधी जाणार, तर मी तारीख मोजून सांगितली असती. आता वाटतं, जातोय कुठे? तो, ती आणि मी. कधी नव्हे ते घर भरल्यासारखं वाटतंय. लिफाफा संस्थेत देऊन आले. येताना वळणावर स्वतःशीच हसत होते. आरशात दिसलं.

२० मार्च, शुक्रवार

सकाळची फेरी संपवून बस लावत होते तेवढ्यात संस्थेच्या बाईंचा फोन. "अहो, भिंगरीसाठी दोन अर्ज आलेत. आडनाव एकच. कुठला धरू?"

दुसरा दादाचा. माझ्या आदल्या दिवशी दिलेला. बाईंनी वाचून दाखवला. काम: आचारी, वृद्धाश्रम, एक एप्रिलपासून. पत्ता: तिथलीच मागची खोली, अंगण आहे, परवानगी घेतली आहे. दुपारी कोण भरवणार: मी स्वतः. तुम्ही आजारी पडलात तर: धाकटी बहीण. तिच्या हाती निर्धास्त सोपवीन.

इंजिन चालूच होतं. बंद केलं.

म्हटलं, "त्याचा धरा."